दार नंबर सत्तेचाळीस

मानोजी अण्णांनी मला काम दिलं, राहायला गच्ची दिली, गच्चीवरच्या खोलीला दार दिलं, आणि ते दार मी कसं बसवलं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही मला कामावरून काढलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत त्यांचं नाव कमी येतं आणि माझं नको तितक्या वेळा येतं.

हकिकत एवढीच, की मी आमच्या घराची वास्तुशांत आणि पाडकाम एकाच सकाळी उरकलं.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. (सुटली म्हणजे मीच सोडली. पण आई अजून सगळ्यांना सांगते की मास्तरांचं काहीतरी चुकलं.) बेंगळुरूला सेंट्रिंगच्या कामावर आलो होतो. ते काम संपलं त्या दिवशी आमचा मुकादमही संपला, म्हणजे कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. राजाजीनगरच्या मागच्या एका गल्लीत पत्ता विचारायला एका वखारीत शिरलो. आत जुनी दारं भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली होती आणि एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ स्टुलावर बसून बिजागरीला तेल घालत होते. मी हिंदीत काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मराठी काय रे तू? तोंडावरनं कळतं. जेवलास काय, मगा?"

मगा म्हणजे मुलगा. तीन आठवड्यांत मला कुणी जेवलास का असं विचारलं नव्हतं, तेही मराठीत. मी नुसता जेवलो नाही, तिथे राहिलोसुद्धा. त्याला आता नऊ वर्षं झाली.

अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांच्या घरात मराठी आणि कानडी एकाच पातेल्यात शिजतात. त्यांचा धंदा म्हणजे पाडायला काढलेल्या घरांचं जे जे पुन्हा वापरता येईल ते काढून आणायचं आणि विकायचं. या शहरात रोज कुठेतरी बंगला पडतो आणि तिथे अपार्टमेंट उभं राहतं. जेसीबी यायच्या आधी आमची टोळी आत शिरते. दारं, खिडक्या, ग्रील, फरशा, बेसिन, वायर, जिन्याचा कठडा, सगळं उचलतो. चांगल्या विटा घासून घेतो. उरलेला राडारोडा शहराबाहेरच्या कारखान्यात जातो, तिथे तो दळून त्याची वाळू आणि फुटपाथचे ठोकळे करतात. त्यामुळे रस्त्यानं चालताना मला नेहमी वाटतं, पायाखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

यात माझं काम दार काढायचं. खोटी विनयशीलता कशाला, दार काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. चौकटीसकट, एक ओरखडा न पाडता, जणू ते दार स्वतःहून माझ्याबरोबर यायला निघालं होतं. काढायच्या आधी घराच्या आत उभं राहून दाराच्या आतल्या अंगावर आणि चौकटीवर एकच नंबर पांढऱ्या रंगात लिहायचा, म्हणजे जोडी फुटत नाही. वखारीत आणलं की नंबर पुढे दिसेल असं भिंतीला टेकवायचं. नऊ वर्षांत मी शेकडो दारं काढली.

बसवलं एकही नव्हतं. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

आता आईचं सांगतो, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. वडील गेल्यावर आई मावशीकडे राहत होती. मावशी चांगली आहे, पण घर तिचं. मी दर वर्षी म्हणायचो, आई, चल बेंगळुरूला. ती म्हणायची, "तू कुठं ऱ्हायतोस?"

"वखारीत. मागं एक खोली आहे."

"म्हंजे दुसऱ्याच्या दारात. मी लई बसले दुसऱ्याच्या दारात. तुझं सवताचं दार झालं की सांग, त्या दिवशी येते."

हे ऐकून मला रात्री झोप लागायची नाही. (तशी मला कुठल्याही कारणानं लागत नाही.) एकदा जेवताना हे अण्णांच्या बायकोला, गंगाक्कांना सांगितलं. त्यांनी ते अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा वखारीच्या गच्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "वर रिकामंच आहे बघ. बांध एक खोली. सामान खाली पडलंय, पाहिजे ते घे."

मी म्हटलं, "अण्णा, पैसे?"

"आधी खोली बांध. मग भांडू."

ते भांडण त्यांनी अजून काढलेलं नाही.

चार महिने, रोजचं काम झाल्यावर, आम्ही खोली बांधत होतो. विटा एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या. खिडक्या एका डॉक्टरच्या. फरशी चार प्रकारची, चार घरांतली. बेसिन गुलाबी, त्याच्यावरचा नळ एका हॉटेलचा. एका बोर्डावर तर दहा बटणं होती, त्यातली दोनच चालायची आणि बाकीची आठ मी दिवसातून एकदा दाबून बघायचो. माझी बायको रेणुका सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "आपल्या घरातली एक वस्तू दुसरीला ओळखत नाही." रेणुका इंदिरानगरच्या एका ऑफिसात स्वयंपाक करते. ती फार बोलत नाही, पण बोलते ते लागतं.

दार तेवढं राहिलं होतं. आणि दार तर आईला दाखवायचं होतं.

ते मी खूप आधीच हेरून ठेवलं होतं. नंबर सत्तेचाळीस. राजाजीनगरातल्याच एका निवृत्त इंजिनिअर साहेबांच्या घराचं, सागवानी, एकाच झडपेचं, इतकं जड की उचलायला चार माणसं लागत. कुलूप दारातच बसवलेलं, साखळी, बाहेरचा माणूस बघायचं भिंग, सगळं जागच्या जागी. मी ते स्वतः काढलं होतं. अण्णा म्हणाले, "घे. पण बसवायला सुतार दोन आठवड्यांनी, सोमवारी येईल. तोवर स्वल्प थांब."

स्वल्प म्हणजे थोडं. पण आईचं तिकीट आलं होतं. ती त्याआधीच्या शनिवारी येणार होती. मंगळवारचं परतीचं तिकीटही तिनं काढून आणलं होतं. "घर आवडलं तर ऱ्हाईन, न्हाई तर मंगळवारी जाईन," असं तिनं फोनवर सांगितलं, जणू मी लॉज उघडला होता.

तेव्हा मी ठरवलं की दार मीच बसवायचं. त्यात काय आहे? काढतो तसंच, फक्त उलटं.

(हे वाक्य मी त्या दिवशी रेणुकेला मोठ्यानं म्हणालो होतो. ती ते अजून मला ऐकवते.)

चौकट उभी करायच्या वेळी गंगाक्कांनी इकडच्या पद्धतीनं पूजा केली. उंबऱ्याखाली नवधान्याची पुरचुंडी ठेवली. मूग, हरभरा, गहू, तूर, सगळं एका पिवळ्या फडक्यात. मग मी चौकट उभी केली, विटा बांधल्या, सिमेंट भरलं. अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी मारलं. दार आपटून सिमेंट हलू नये म्हणून ते सताड उघडं ठेवून खाली वीट लावली. त्या अकरा दिवसांत दार एकदाही बंद झालं नाही. आम्ही खालीच झोपायचो.

रेणुकेनं मात्र तीन गोष्टी विचारल्या होत्या.

"अहो, दार बाहेरच्या बाजूला कसं उघडतं?"

"खोली लहान आहे. आतली जागा वाचते."

"मग ही गोल मूठ बाहेर कशाला?"

"पाहुण्यांना धरायला."

"आणि साखळीपण बाहेर?"

"छत्री अडकवायला."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं कौतुकानं बघते आहे.

आई आली. शनिवारी संध्याकाळी गाडीतून उतरली ती हातात पिशवी आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव घेऊन. त्या रात्री तिला गंगाक्कांकडे झोपवलं. नव्या घरात पूजेआधी पाऊल नको, असं सगळ्यांचं मत पडलं. रविवारी सकाळी भटजी आले, पूजा उरकून पुढच्या पूजेला गेले. पूजेत माझी कामाची हत्यारंही मांडली होती. आयुधपूजेला आम्ही वखारीत मांडतो तशीच छिन्नी, हातोडा आणि माझी पहार. पहारीला हळद-कुंकू आणि वर झेंडूचं फूल.

अण्णा तेवढे नव्हते. ते आईसाठी साडी आणायला मेट्रोनं चिकपेटच्या बाजारात गेले होते. त्यांच्या ओळखीचा एक दुकानदार रविवारीही मागच्या दारानं माल देतो. "दूध उतू जायच्या आत येतो," म्हणून गेले होते.

इकडे नव्या घरात दूध उतू जाऊ देतात, ते शुभ. शेगडीवर दूध ठेवलं. खोलीत आम्ही चौघं, मी, रेणुका, आई आणि गंगाक्का. आई भिंतींना हात लावून बघत होती. प्रत्येक ठिकाणी मी सांगत होतो, ही वीट गिरणीची, ही खिडकी डॉक्टरची. ती फक्त "हं" म्हणत होती. आईचं "हं" म्हणजे काय, हे मला पस्तिसाव्या वर्षीही कळत नाही.

वाऱ्यानं समई फडफडायला लागली. आई म्हणाली, "दार लाव की जरा. दिवा इझेल."

या क्षणाची मी चार महिने वाट पाहिली होती. बाहेर जाऊन वीट काढली, आत आलो, आणि आईकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दाराची कड धरून, एखाद्या राजवाड्याचं दार लावावं तसं ते ओढून घेतलं.

खट्‌.

काय आवाज आला म्हणून सांगू. भरीव, सागवानी आवाज. गंगाक्का म्हणाल्या, "अय्यो, किती चांगलं लागलं." आईसुद्धा वळून पाहू लागली. मी फुगलो. म्हटलं, "आई, इकडं ये. या भिंगातून बाहेरचा माणूस दिसतो. कोण आलं ते बघूनच दार उघडायचं."

आईनं डोळा लावला. बराच वेळ लावला.

"मला तर काहीच दिसंना. सगळं पाण्यात बुडाल्यावानी. मोतीबिंदू झाला की काय रे मला?"

मी डोळा लावला. मलाही मोतीबिंदू झालेला होता. रेणुकेनं लावला, तिलाही. एका सकाळी एकाच कुटुंबात तीन मोतीबिंदू. मी मनातल्या मनात डॉक्टरचा खर्च मांडायला लागलो.

दूध उतू गेलं. सगळ्यांनी हात जोडले. आईनं प्रसादाचं दूध घेतलं, वर चहा घेतला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मारोत्या, संडास कुठंय?"

"गच्चीच्या त्या टोकाला." (त्याचं दार सुतारानं बसवलं होतं, त्यामुळे ते उघडत होतं.)

आई दाराशी गेली. चाचपलं. खाली-वर बघितलं. मग म्हणाली, "उघडायचं कुठून?"

मी पुढे झालो. दाराला आतून मूठ नव्हती, कडी नव्हती, काही नव्हतं. होतं ते फक्त एक बारीकसं किल्लीचं भोक.

लॅचचं कुलूप तुम्हाला माहीत असेल. दार ओढलं की आपोआप लागतं. मग एका बाजूनं मूठ फिरवून उघडतं, दुसऱ्या बाजूनं किल्लीच लागते. किल्ली कुठे होती? इंजिनिअर साहेबांनी घर पाडायला दिलं तेव्हा त्यांच्याकडून किल्ली मागायचं कुणाला सुचलं होतं?

"बिजागऱ्या काढतो," मी म्हटलं. हे माझं खास काम. पण दार बाहेर उघडत होतं, त्यामुळे बिजागऱ्याही बाहेर होत्या. खिडकीकडे गेलो. डॉक्टरच्या खिडकीला चोर येऊ नये म्हणून मीच एका बँकेचं ग्रील लावलं होतं, होल्डफास्ट म्हणजे भिंतीत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या लावून, घट्ट. खिडकीतून हाका मारल्या. समोरच्या प्लॉटवर काँक्रीट फोडायचं यंत्र चालू होतं. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

माझा फोन बाहेर कठड्यावर सनईची धून वाजवत होता. रेणुकेच्या फोनवरून अण्णांना लावला.

"अण्णा, दार लागलं. आम्ही सगळे आत अडकलो. किल्ली नाही."

"किल्ली कशाला? अरे मगा, त्याला बाहेरनं..." आणि मेट्रो बोगद्यात शिरली. पुन्हा लावला. पुन्हा. तिसऱ्यांदा एवढंच ऐकू आलं, "...स्वल्प थांब, अर्धा तास, येतोच..."

आईनं विचारलं, "काय म्हणले?"

"अर्ध्या तासात येतात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझी आई साठ वर्षांची आहे, तिला साखरेचा त्रास आहे, आणि तिनं नुकतंच दूध आणि चहा घेतला होता. "मारोत्या," ती अगदी शांतपणे म्हणाली, "अर्धा तास मला जमायचं न्हाई."

तेव्हा मला सामानाबरोबर वर आणलेला किल्ल्यांचा डबा आठवला. घरं पडतात, कुलपं भंगारात जातात, पण किल्ल्या उरतात. मी नऊ वर्षं त्या एका बिस्किटाच्या डब्यात साठवत होतो. टाकवत नाहीत. रेणुका रोज म्हणायची की हा डबा फेका. आता तोच डबा मधोमध ओतला आणि तिघंही बसलो. रेणुका निवडून द्यायची, गंगाक्का पुसून द्यायच्या, मी लावून बघायचो. अर्ध्या बेंगळुरूची दारं आम्ही त्या एका भोकात घालून पाहिली. आई कोपऱ्यात उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"ही बसली," मी म्हटलं. एक किल्ली खरंच आत गेली होती.

"फिरवा," रेणुका म्हणाली.

फिरली नाही. मग ओढली. निघालीही नाही.

"म्हंजे आता भोकपण गेलं," आई म्हणाली. आणि मग जरा थांबून, दाराकडे बघत, "मावशीच्या घरचं दार बाई नुसतं ढकललं की उघडतं."

मंगळवारचं तिकीट तिच्या पिशवीत आहे, हे मला दिसत होतं. आईला स्वतःचं दार दाखवायला बोलावलं आणि त्याच दारामागे कोंडून ठेवलं. नऊ वर्षांनी आलेली बाई अर्ध्या तासात परत जाणार, असं मला वाटलं. मग नजर चौरंगावर गेली. तिथे हळद-कुंकू लावलेली पहार होती.

"अय्यो, पूजेतली?" गंगाक्का म्हणाल्या. पण लगेच त्यांनीच झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं.

मी पहारीला नमस्कार केला. अंगात एकदम निराळीच हुशारी आली. गेल्या चार महिन्यांत वाटली नव्हती तेवढी खात्री वाटली. कारण आता मला जे येतं तेच करायचं होतं. "सगळ्या मागे सरका," मी म्हटलं. आवाज बहुतेक वखारीतलाच निघाला, कारण रेणुका खरंच मागे सरकली. एरवी ती सरकत नाही.

डाव्या बाजूला तीन विटा, उजव्या बाजूला चार. होल्डफास्ट मोकळे. कपडे वाळत घालायची दोरी चौकटीला बांधली, म्हणजे दार आपटून पडू नये. दारावरच्या लिंटेलला, म्हणजे भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईला, धक्का नाही. नवीन सिमेंट, त्यामुळे कामही सोपं. बसवायला मला अकरा दिवस लागले होते. काढायला अकरा मिनिटं लागली.

शेवटचा दणका द्यायच्या आधी बाहेरून आवाज आला, "मारुती. मारुती, आत काय चाललंय? हातात काय आहे तुझ्या? आणि गंगा, तू कशाला दोरी धरलीस?"

अण्णा आले होते. भिंगाला डोळा लावून बाहेर उभे होते. बाहेरून त्यांना आमची सगळी खोली दिसत होती, अगदी गुलाबी बेसिनापर्यंत.

"अण्णा, बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि चौकट ढकलली.

नंबर सत्तेचाळीसची चौकट हळूहळू बाहेर कलली, आणि आम्ही तिघांनी दोरी सैल सोडत सोडत तिला गच्चीवर पालथं निजवलं. एक ओरखडा नाही. धूळ बसली. भगदाडाच्या पलीकडे अण्णा उभे होते, हातात साडीचं पाकीट.

आई कुणाकडेही न बघता, विटांवरून पाय टाकत, सरळ गच्चीच्या त्या टोकाला गेली.

अण्णांनी पाकीट कठड्यावर ठेवलं आणि आम्ही चौघांनी मिळून चौकट उलटून उताणी केली. मग त्यांनी वाकून दाराची गोल मूठ दोन बोटांनी फिरवली. खट्‌. दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडलं. खाली गच्चीच्या फरश्या दिसल्या.

"हे असं उघडतं," ते म्हणाले. "बाहेरनं मूठ फिरवली की उघडतं. तेच सांगत होतो मघाशी फोनवर."

"नंबर कुठल्या बाजूला आहे?"

मी पाहिलं. पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस. वर, आकाशाकडे बघत. "बाहेरच्या बाजूला."

"आणि आपण नंबर कुठे लिहितो?"

तेव्हा मला सगळं कळलं. नंबर आपण घराच्या आत उभं राहून लिहितो, म्हणजे नंबरचं अंग हे घराचं आतलं अंग. पण नऊ वर्षं वखारीत मी प्रत्येक दार नंबरच्या बाजूनंच बघत आलो. माझ्यासाठी दाराचा चेहरा म्हणजे नंबर. म्हणून मी दार लोकांना नंबर दिसेल असं बसवलं. इंजिनिअर साहेबांच्या घरात जे आत होतं ते सगळं मी बाहेर केलं होतं, भिंग, साखळी, मूठ. बेंगळुरूत कुणीही यावं, मूठ फिरवून आमच्या घरात शिरावं, हवं तर आधी भिंगातून आत काय शिजतंय ते बघावं. घरच्यांनी मात्र किल्लीशिवाय बाहेर पडायचं नाही.

रेणुका म्हणाली, "पाहुण्यांना धरायला."

गंगाक्कांनी पदर तोंडाला लावला.

मी खाली बसलो. आईसाठीच हे सगळं केलं होतं, आणि आता आमच्या घराला दारसुद्धा नव्हतं. अण्णा शेजारी बसले. त्यांनी माझ्या केसांतली विटेची धूळ झटकली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आई परत आली. चेहरा आता निवळला होता. उंबरा होता त्या जागी ती थबकली, खाली वाकली, आणि मातीतून पिवळं फडकं उचललं. अकरा दिवस मी दोन वेळा पाणी मारत होतो, ते सगळं झिरपत झिरपत खाली गेलं होतं. फडक्याच्या विणीतून मुगाचे पांढरे मोड बाहेर आले होते. गहू बोटभर वर आला होता. हरभऱ्याला इवलं फिकट पान.

आईनं ते दोन्ही हातांत धरलं.

"मारोत्या, हे तू लावलंस?"

"नाही आई. ते पूजेचं आहे. मी नुसतं पाणी मारत होतो."

"मग बरोबर. तू नुसतं पाणी मारत जा," आई म्हणाली. "बाकीचं माणसाला विचारून करत जा."

मग तिनं खालच्या वखारीतलं एक फुटकं बेसिन मागितलं. त्यात माती भरून ते मोड तिनं भगदाडाच्या शेजारी पेरले आणि त्याला पाणी घातलं. अण्णांनी आणलेली हिरवी साडी नेसून बसली. संध्याकाळी गंगाक्कांना सांगताना मी ऐकलं, "दाराचं काय, लागंल कधी तरी. पण अक्का, मोड आलेत."

पुढचे पाच दिवस आमचं घर भगदाडाचं होतं. सोमवारी सुतार आला, त्यानं चौकट बघितली, मला बघितलं, आणि कानडीत काहीतरी म्हणाला. अण्णांनी त्याचं भाषांतर केलं नाही. चौकट त्यांनी दोघांनी मिळून बसवली, नंबर आत ठेवून. मोकळ्या केलेल्या सातही विटा पुन्हा तिथेच लागल्या. गिरणीत एकदा, माझ्या हातून एकदा, आता ही तिसरी वेळ. विटा काही बोलल्या नाहीत. मला सिमेंटजवळ फक्त पाण्याचा डबा धरायची परवानगी होती, आणि तोही आईनं माझ्याकडून घेतला.

मंगळवार कधी आला आणि गेला, मला कळलंच नाही. भीत होतो म्हणून विचारलंही नाही. शुक्रवारी दार पहिल्यांदा नीट लागलं. आत उघडलं, मूठ आतून फिरली, भिंगातून अण्णा बाहेर उभे दिसले, गोल आणि मोठ्या नाकाचे. वाऱ्यानं दार सारखं थोडं हलून कुरकुरत होतं. आईनं पिशवीतून एक कागद काढला, चार घड्या घातल्या आणि दार आणि चौकट यांच्या फटीत खुपसला. कुरकुर थांबली. मी वाकून पाहिलं. ते मंगळवारचं तिकीट होतं. ते अजून तिथेच आहे.

अण्णांचं हे सगळं मी एक दिवस फेडणार आहे. हे मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या घराचं पुढचं दार जुनं झालंय. एक दिवस माझ्या हातानं तुम्हाला नवं बसवून देणार. शब्द देतो."

अण्णांचा चहाचा कप ओठापाशी थांबला. "फेड रे, मगा," ते म्हणाले. "घाई नको. स्वल्प सावकाश फेड." आणि उठताना चौरंगावरची माझी पहार उचलून खाली घेऊन गेले. तेव्हापासून ती वखारीत असते. सकाळी कामावर गेलो की मिळते, संध्याकाळी परत मागून घेतात. घरी न्यायची मला परवानगी नाही.